पंप नवा, सेल्फ ठणठणीत, तरी गाडी चालू होईना

सेल्फ खणखणीत फिरतोय, बॅटरी चांगली आहे, टाकीत पेट्रोल आहे, आणि गाडी काही पकडत नाही. वर परवाच फ्युएल पंपाचं काम करून आणलेलं. आमच्या दाजींच्या गाडीवर हा प्रसंग तीन महिन्यांत तीनदा आला. लक्षण दर वेळी अगदी तेच, कारण दर वेळी निराळं. पहिल्या वेळी जे लागू पडलं तेच दुसऱ्या वेळी करत बसलो आणि अख्खा रविवार त्यात गेला.

गाडी नऊ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, तिला बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल (म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने गॅस देणारं) सीएनजी किट. दाजींची कराड ते सातारा रोजची ये-जा, सगळी गॅसवर. पेट्रोलचा दिवा कायम लागलेला. "गॅसवरच चालवतोय ना, मग पेट्रोल कशाला भरू?" हे त्यांचं म्हणणं, आणि पंप जळायचं मूळ तिथंच. पेट्रोलचा पंप टाकीत पेट्रोलमध्येच बुडालेला असतो आणि त्याच्यातून वाहणाऱ्या पेट्रोलनेच थंड राहतो. बऱ्याच किटमध्ये गाडी गॅसवर असली तरी हा पंप मागे फिरतच असतो. टाकीत तळाशी दोन लिटर, तेही तापलेलं, आणि पंप दिवसभर चालू. किती दिवस टिकणार?

तो गेला तेव्हा गाडी जागेवरून हलेना, कारण असं किट इंजिन सुरू पेट्रोलवरच करतं आणि जरा तापल्यावर गॅसवर जातं. मिस्त्रींनी पूर्ण असेंब्ली, म्हणजे पंपाचा अख्खा डबा, न बदलता नुसती आतली मोटर बदलली. खर्च बराच वाचला, दाजी खूश. मीही तेच सांगितलं असतं. फक्त एवढं लक्षात ठेवायचं, की असेंब्ली खोलून मोटर बदलली की त्या प्लास्टिकच्या डब्यातल्या चार गोष्टींना हात लागतो: मोटरच्या वायरी, खालची जाळी, मोटरपासून झाकणापर्यंतची नळी आणि प्रेशर रेग्युलेटरची रबर रिंग. आमच्या तीन खेपांपैकी दोन याच डब्यात निघाल्या.

आधी कान लावा

सेल्फ मारत बसण्याआधी चावी फक्त ऑनपर्यंत फिरवा आणि गप्प बसा. मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक घूंऽऽ असा आवाज येऊन थांबला पाहिजे. रस्त्यावर गोंगाट असेल तर एकाने चावी फिरवायची आणि दुसऱ्याने टाकीचं झाकण काढून तोंडाशी कान न्यायचा. हे दोन सेकंद ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पंपाला रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या पाइपात, प्रेशर भरण्यासाठी देतो. त्यानंतर इंजिन फिरतंय हे क्रँक सेन्सरकडून कळलं, तरच पंप पुन्हा चालू ठेवतो.

आवाज अजिबात नसेल तर पंपाचा फ्यूज बघा, रिले (करंट चालू-बंद करणारी डबी) बघा. शेजारी त्याच नंबरचा दुसरा रिले असतो, बहुतेक वेळा हॉर्नचा. तो काढून इथं लावायचा आणि पुन्हा ऐकायचं, दोन मिनिटांचं काम. मग मागची सीट उचलून पंपाचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड. इथं मल्टिमीटर फसवतो. वायरीची एकच तार शाबूत असली तरी मीटर 12 व्होल्ट दाखवतं, पण पंप ओढायला लागला की ती तार तग धरत नाही. म्हणून पंपाच्या कपलरवर साधा बल्बवाला टेस्ट लॅम्प लावायचा. तो लख्ख पेटला तर करंट आहे. मिणमिणला तर कपलरच्या पिना काळ्या पडल्यात किंवा अर्थ ढिला आहे. जळालेल्या पंपाने जाता जाता कपलरही वितळवलेला असतो, आणि नवी मोटर त्याच वितळलेल्या कपलरवर बसवलेली मी पाहिली आहे.

आवाज येतोय म्हणून पंप पास, असंही नाही. मोटरच्या दोन वायरी उलट्या जोडल्या तर बऱ्याच मोटरी उलट्या फिरतात. आवाज मस्त येतो, प्रेशर काहीच नाही. लगेच शंका घ्यावी अशी ही गोष्ट फक्त मोटर बदललेल्या गाडीतच असते. पूर्ण असेंब्ली बदलली असेल तर ती मनातून काढून टाका.

पहिली खेप: सकाळी नाही, दुपारी हो

गॅरेजमध्ये गाडी एका झटक्यात सुरू झाली. संध्याकाळी घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दाजींचा फोन, "अरे, सेल्फ नुसता फिरतोय." मी गेलो तेव्हा त्यांनी दहा-बारा वेळा सेल्फ मारून झाला होता आणि बॅटरी रडायला लागली होती.

पंपाचा आवाज होता. मग मी चावी ऑन केली, आवाज थांबू दिला, बंद केली. असं चार वेळा. पाचव्यांदा सेल्फ मारला आणि गाडी अर्ध्या फेऱ्यात सुरू. दाजींना वाटलं मी काहीतरी दुरुस्त केलं. मी काहीच केलं नव्हतं, फक्त पंपाला आठ-दहा सेकंद जास्तीची दिली होती.

या एका चाचणीने अर्धं निदान होतं. चावी चार वेळा फिरवून गाडी सुरू होत असेल तर पंप ढकलतोय, पण ढकललेलं टिकत नाही. रात्रभरात रेलमधलं प्रेशर उतरून जातं. ते तीन ठिकाणी उतरू शकतं: पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे येऊ न देणारी झडप), रेग्युलेटरची रिंग किंवा एखादा गळका इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा). इंजेक्टर गळत असेल तर सकाळी सुरू होताना इंजिन भकभकतं, एक्झॉस्टला कच्च्या पेट्रोलचा वास येतो. आमच्याकडे वास नव्हता. सीट उचलली, असेंब्ली काढली, रेग्युलेटर उपसला, तर रिंग एका बाजूने चिमटून कापली गेलेली. जुनीच रिंग कोरडी दाबून बसवली होती. नवी रिंग घेतली, पेट्रोलचा हात लावून बसवली, काम संपलं.

असेंब्लीच्या झाकणाखालचं मोठं गॅस्केटही जुनंच परत बसवलं जातं. ते पेट्रोलमध्ये फुगतं, खाचेत बसत नाही आणि मग झाकणाची रिंग जबरदस्तीने आवळली जाते. परिणाम लगेच दिसत नाही. टाकी फुल्ल केली की सीटखाली वास येतो, आणि पावसाळ्यात खालून उडालेलं पाणी आत जातं. हल्ली पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी मुरून जातं. प्रमाण वाढलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतं, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. शंका असेल तर टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ते पेट्रोल काढून टाकणं आलं.

दुसरी खेप: वाया गेलेला रविवार

रिंग बदलून दहा-बारा दिवस गाडी छान चालली. मग मायलेज कमी वाटतंय म्हणून दाजींनी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये इंजेक्टर साफ करून घेतले. तिथून आणली, रात्री दारात लावली, आणि रविवारी सकाळी पुन्हा तेच.

मी लगेच चावी चार वेळा फिरवली. काही नाही. आठ वेळा. काही नाही. मग सीट उचलून असेंब्ली पुन्हा बाहेर काढली, रिंग तपासली, परत बसवली. रिंग उत्तम होती. दुपारचे दोन वाजले. चूक इथं झाली: शेवटचा हात इंजेक्टरला लागला होता आणि मी टाकीत डोकं घालून बसलो होतो.

जेवण झाल्यावर शांतपणे एक स्पार्क प्लग काढला. कोरडा ठणठणीत. एवढा सेल्फ मारून प्लग कोरडा म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल पोचतच नाही. प्लग ओला आणि वास मारणारा असता तर उलट कथा असती. पेट्रोल येतंय पण ठिणगी नाही, किंवा सेल्फ मारून मारून इंजिन ओव्हर झालंय, म्हणजे आत पेट्रोल जास्त झालंय. ओव्हर झालेलं असेल तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि पाच-सात सेकंद सेल्फ मारायचा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत अशा वेळी ईसीयू पेट्रोल बंद करतो, इंजिन नुसती हवा ओढतं आणि प्लग सुकतात.

मग एअर फिल्टरचा पाइप काढून कार्ब क्लीनर या पेट घेणाऱ्या स्प्रेचा एक छोटा फवारा आत मारला, पाइप परत लावला आणि सेल्फ मारला. इंजिन दोन सेकंद भुर्रकन चाललं आणि बंद पडलं. ठिणगी आहे, टायमिंग आहे, नुसतं पेट्रोल नाही. या फवाऱ्यात जोखीम आहे. पाइप लावल्याशिवाय सेल्फ मारायचा नाही, तोंड बाजूला ठेवायचं, आणि अग्निशामक हाताशी नसेल तर हे करूच नये.

पंपाचा आवाज आहे, प्लग कोरडा आहे, फवाऱ्यावर चालते. मग इंजेक्टर उघडतायत का? इंजेक्टरचा कपलर काढून त्यात एलईडीचा टेस्टर लावायचा आणि सेल्फ मारायचा. लुकलुकला तर सिग्नल येतोय. इथं मघाचा बल्बवाला लॅम्प वापरायचा नाही. तो जास्त करंट ओढतो आणि ईसीयूचा आतला भाग जाऊ शकतो. आमचा एलईडी चारही इंजेक्टरवर मेलेला.

चारही एकदम मेले म्हणजे इंजेक्टर खराब नव्हेत. एक तर त्यांचा सामायिक फ्यूज, नाहीतर वाटेतलं काहीतरी. आणि वाटेत होता गॅस किटचा ईसीयू. बाहेरून बसवलेल्या सिक्वेन्शियल किटमध्ये पेट्रोल इंजेक्टरच्या वायरी कापून गॅसच्या ईसीयूमधून फिरवलेल्या असतात, म्हणजे गॅसवर गेल्यावर तो पेट्रोलचे इंजेक्टर बंद ठेवू शकतो. त्या ईसीयूचा मोठा कपलर निघाला तर वायरी मधेच तुटल्यासारख्या होतात आणि पेट्रोलवरही गाडी सुरू होत नाही. बॅटरीच्या मागे हात घालून चाचपलं, तर कपलर बसलेला दिसत होता, पण त्याची खिट्टी लागलेली नव्हती. रेल काढताना कुणीतरी तो बाजूला केला असणार आणि परत नुसता टेकवला. दाबला, कट् असा आवाज आला, गाडी सुरू. वेळ दुपारी साडेचार.

दाजी एवढंच म्हणाले, "सकाळी सात वाजताच दाबायचा होतास की."

सीएनजीवाल्यांना एक गोष्ट सांगतो. बऱ्याच किटमध्ये गॅसचं बटण दाबून धरून चावी फिरवली की इंजिन थेट गॅसवर सुरू होतं. पेट्रोलचा पंप रस्त्यात मेला तर घरी पोचायला ती सोय आहे. आपल्या किटमध्ये ती कशी चालते ते बसवणाऱ्याकडून आधीच विचारून घ्या. गाडी थेट गॅसवर नीट सुरू होत असेल तर ठिणगी आणि क्रँक सेन्सर दोन्ही एका दमात पास झाले. त्या रविवारी आमच्या गाडीत गॅस संपलेला होता, नाहीतर हे सकाळीच तपासलं असतं. आणि गॅसच्या नळ्या, रिड्यूसर (गॅसचं प्रेशर कमी करणारा भाग), सिलिंडर यांना घरी पाना लावायचा नाही, कपलर दाबण्यापुरतंच काम.

याआधी बघून टाकावं असं बारीकसारीक

चावीचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकतोय का? तसं असेल तर इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारी यंत्रणा, चावी ओळखत नाही. दुसरी चावी लावून बघा. काही गाड्यांत, विशेषतः जुन्या फोर्डमध्ये, अपघात झाला की पंप बंद करणारा इनर्शिया स्विच असतो. तो जोराच्या खड्ड्यानेही उडतो, वरचं बटण दाबलं की काम झालं. पेट्रोल फिल्टर बाहेर लाइनमध्ये असेल तर त्याच्यावरचा बाण इंजिनकडे आहे ना ते बघा. टाकी काढली होती का? मग आत निदान पाच लिटर टाका, आणि गाडी चढावर तोंड करून उभी असेल तर सपाटीवर आणा.

ब्लूटूथचा ओबीडी डोंगल (ईसीयूची माहिती मोबाइलवर दाखवणारा) असेल तर सेल्फ मारताना आरपीएम बघा. दोनशेच्या आसपास आकडा आला तर क्रँक सेन्सर ठीक. इंजिन फिरतंय आणि आकडा शून्य, तर सेन्सर किंवा त्याची वायर, आणि मग पंप चावीला वाजून सेल्फ मारताना गप्प बसतो तेही त्यामुळेच. त्याच्यावर पी0335 हा एरर कोड आला तर क्रँक सेन्सरची लाइन, पी0230 आला तर पंपाची लाइन, पी0201 ते पी0204 म्हणजे इंजेक्टरच्या लाइनी.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. धक्का मारून काही उपयोग नाही, सेल्फ जे करतोय तेच चार माणसं करणार. वर न जळालेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या एक्झॉस्टच्या भागात) जाऊन तो बाद होतो, आणि त्याची किंमत पंपाच्या कितीतरी पट असते.

डिझेलवाल्यांचं दुखणं बहुतेक वेळा वेगळं असतं. फिल्टर बदलला की लाइन हवा धरते. फिल्टरजवळ हातपंप किंवा रबरी फुगा असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा, नसेल तर चावी पुन्हा पुन्हा ऑन करून आतल्या पंपाला वेळ द्या. पारदर्शक नळीत बुडबुडे येत राहिले तर फिल्टरची रिंग किंवा एखादी क्लिप हवा ओढतेय. इंजेक्टर काढले असतील तर त्यांच्यावरच्या रिटर्न नळ्यांच्या क्लिपा बघा. कॉमन रेल (हल्लीच्या डिझेल गाड्यांतली जास्त प्रेशरची यंत्रणा) असेल तर इंजेक्टरकडे जाणारे लोखंडी पाइप मात्र कधीही ढिले करू नका. जुन्या ट्रॅक्टरसारखी नट ढिली करून हवा काढायची सवय इथं जिवावर बेतते. चालत्या इंजिनात तिथं प्रेशर हजार बारच्या वर जाऊ शकतं, आणि ती धार कातडीतून आत शिरते.

तिसरी खेप: "पेट्रोल तर येतंय"

दोन महिने शांतता. मग गाडी सकाळी उशिरा पकडायला लागली. आठवडाभराने अजिबात पकडेना. आवाज होता, कपलर घट्ट होता, आणि या वेळी एलईडीही लुकलुकत होता. चावी दहा वेळा फिरवली की कशीबशी फुरफुरायची आणि बंद पडायची.

मिस्त्रींनी रेलची नळी काढली, चावी फिरवली, पेट्रोल बाटलीत पडलं. "साहेब, पेट्रोल तर येतंय, पंप ओके आहे." बहुतेक निदानं इथंच फसतात. उघड्या तोंडातून पेट्रोल पडायला प्रेशर लागतच नाही. पाण्याच्या टाकीचा नळही धार सोडतो. इंजेक्टरला हवं असतं प्रेशर, बहुतेक एमपीएफआय (दर सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या पेट्रोल) गाड्यांत 3 ते 4 बारच्या घरातलं (आपल्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो), आणि ते फक्त गेजवर दिसतं. मी गेज लावायला सांगितला. मिस्त्री जरा नाराज झाले, पण लावला. काटा एकवर येऊन डुलत राहिला आणि पंप थांबताच शून्यावर पडला.

पंपाचा फ्यूज काढून इंजिन दोनदा फिरवलं, म्हणजे लाइनमध्ये उरलेलं प्रेशर गेलं. मग बॅटरीची मायनस काढली, मागचे दरवाजे उघडे टाकले आणि असेंब्ली तिसऱ्यांदा बाहेर आली. मोटर आणि झाकण यांच्यामधली मूळ नायलॉनची नळी मोटर बदलताना तुटली होती. तिच्या जागी मिस्त्रींनी काळ्या रबराचा पेट्रोल पाइप कापून दोन क्लिपांनी आवळला होता. तो आता बोटाने दाबल्यावर मेणासारखा दबत होता, आणि खालच्या क्लिपेपाशी नखाएवढी चीर पडली होती. पंप पेट्रोल उचलत होता आणि त्या चिरेतून परत टाकीतच सोडत होता. बाहेर थेंबभर गळती नाही, म्हणून कुणाला दिसणारही नाही.

साधा पेट्रोल पाइप आतून पेट्रोल वाहण्यासाठी बनवलेला असतो. चोवीस तास पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी नव्हे. बाहेरच्या बाजूने तो फुगतो, मऊ पडतो, फाटतो. टाकीच्या आत वापरायला वेगळा पाइप येतो, त्याच्यावर एसएई 30आर10 असं छापलेलं असतं. दुकानात "पंपाच्या आतला, बुडीत चालणारा" असं सांगून मागा, आणि घेण्याआधी छापलेलं वाचा. आर7 किंवा आर9 लिहिलेला असेल तर तो बाहेरच्या लाइनसाठी आहे, कितीही चांगल्या कंपनीचा असला तरी. कराडमध्ये दोन दुकानं पालथी घालून मिळाला नाही, शेवटी साताऱ्याहून आणला. वीतभर पाइप, पण त्याच्यासाठी गाडी तीन दिवस उभी राहिली.

बसवताना स्क्रूची क्लिप न वापरता सगळीकडून सारखी आवळणारी क्लिप लावली, रेग्युलेटरची रिंग पुन्हा नवी टाकली, झाकणाचं गॅस्केटही नवं. सीट बसवण्याआधी गेज पुन्हा लावला. चावी ऑन केली, काटा 3 वर चढून थांबला. चहा पिऊन आलो, अर्ध्या तासाने बघितलं तर अजून पावणेतीनला. मग टाकी फुल्ल केली, झाकणाभोवती बोट फिरवून वास घेतला, कोरडं. दाजींनी स्वतः सेल्फ मारला.